मातीच्या घागरीतले काळीज

अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर, पेरू आणि बोलिव्हिया या दोन्ही देशांत, ‘मांचाय पुइतू’ नावाचे एक शोकगीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ते केचुआ भाषेतले आहे. इंका साम्राज्याची ही भाषा तीन शतकांच्या स्पॅनिश सत्तेनंतरही मेली नाही. आजही कित्येक लाख माणसे याच भाषेत भांडतात, बाजार करतात आणि प्रार्थना करतात. गीताचा प्रकार ‘याराव्ही’ या नावाने ओळखला जातो. लय संथ, चाल थोडक्या स्वरांत घुटमळणारी आणि विषय बहुधा वियोगाचा. हे विशिष्ट गीत कोणी रचले असे विचारले, तर तिकडचा माणूस कवीचे नाव सांगत नाही. ‘एका पाद्रीने,’ एवढेच तो सांगतो.

रोममध्ये शिकत असताना आमच्या वसतिगृहात कोचाबांबा प्रांतातून आलेला एक धर्मगुरू माझ्या शेजारच्या खोलीत राहत असे. त्याच्याजवळ ‘केना’ होती. केना म्हणजे आपल्या बासरीची पर्वतातली बहीण. मात्र ती आडवी न धरता उभी धरतात. वरच्या तोंडाला एक खाच असते आणि त्या खाचेच्या धारेवर फुंकर घालून सूर काढावा लागतो. पुढे सहा छिद्रे आणि मागे अंगठ्यासाठी एक. रविवारी दुपारी सारी इमारत झोपलेली असता तो खिडकीत बसून ती वाजवीत असे. एका चालीविषयी मी त्याला विचारले, तेव्हा त्याने आधी कथा सांगितली, मग शब्दांचा अर्थ सांगितला आणि शेवटी म्हणाला, “फादर, हे आपल्यापैकीच एकाचे गाणे आहे.” ‘आपल्यापैकी’ या शब्दाचा अर्थ बोलिव्हियाचे लोक असा नव्हे, हे ध्यानी यायला मला क्षणभर लागला.

कथा अशी. वसाहतीच्या काळात एका धर्मग्रामात एक तरुण धर्मगुरू होता. एका स्थानिक स्त्रीवर त्याचे प्रेम जडले. काही कारणाने त्याला दूरच्या शहरी जावे लागले आणि तो परतला तेव्हा ती मरून मातीआड झाली होती. दुःखाने भ्रमिष्ट होऊन त्याने रात्री कबर उकरली. तिच्या पायाच्या नळीच्या हाडाची त्याने केना केली, ती एका मातीच्या घागरीच्या पोटात धरली आणि घागरीतून घुमत येणाऱ्या त्या सुरावर हे गीत रचले. पेरूचा प्रसिद्ध लेखक रिकार्डो पाल्मा (1833–1919) याने आपल्या ‘परंपरां’मध्ये ही कथा आरेकिपाकडच्या यानाकिवा या खेड्यात घडवली आहे. बोलिव्हियात तीच कथा चांदीच्या खाणींचे शहर असलेल्या पोतोसीची म्हणून सांगतात आणि तेथला धर्मगुरू स्वतःच आदिवासी वंशाचा असतो. नेस्तोर ताबोआदा तेरान यांनी 1977 मध्ये याच विषयावर कादंबरी लिहिली. गीताचा केचुआ पाठ येसूस लारा यांच्या 1947 सालच्या केचुआ काव्यावरील ग्रंथात छापलेला आहे. कथेनुसार, हे गीत गाणाऱ्याला ख्रिस्तसभेने बहिष्काराचा धाक घातला होता.

अशी कथा या नियतकालिकाच्या पानांवर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. तो रास्तच आहे. तरुणपणी मला ही कथा केवळ विलक्षण वाटली. आता पन्नाशी उलटल्यावर, शेकडो माणसांना मूठमाती दिल्यावर, ती मला वेगळी ऐकू येते. शिवाय एक गोष्ट प्रथमच बोलून टाकणे बरे. वसाहतीतला पाद्री आणि त्याच्या धर्मग्रामातली आदिवासी स्त्री ही दोन समान माणसे नव्हती. फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला या आदिवासी लेखकाने 1615 च्या सुमारास स्पेनच्या राजासाठी जो प्रचंड सचित्र वृत्तान्त लिहिला, त्यात त्याने अशा पाद्रींवर कोरडे ओढले आहेत. त्यांनी मुलीबाळींचे काय केले, लोकांना कसे राबवले, हे त्याने चित्रे काढून दाखवले आहे. तो स्वतः श्रद्धावंत ख्रिस्ती होता, म्हणून त्याचा संताप अधिक बोचतो. ‘मांचाय पुइतू’त पाद्रीचे हृदय बोलते. त्या स्त्रीचे हृदय काय म्हणत होते, ते आपल्याला कोणीच सांगत नाही. तिच्या वाट्याला बोलण्याऐवजी वाजणे आले. ही खंत बाजूला सारून मला हे गीत ऐकता येत नाही, आणि कोणी तसे ऐकू नये असे मला वाटते.

आता गीताच्या अर्थाकडे वळू. नावातला ‘मांचाय’ म्हणजे भय. ‘पुइतू’चा अर्थ लावताना मतभेद आहेत. पाल्माने साऱ्या नावाचा अर्थ भयंकर नरक असा केला, तर लारांनी त्यात भयाची घागर पाहिली. मला घागर अधिक पटते, कारण कथेतच घागर आहे. गीताचा आरंभ प्रश्नाने होतो आणि तो प्रश्न देवाला नव्हे, मातीला विचारलेला आहे. माझा एकुलता आनंद कोणत्या भूमीने गिळला, अशा आशयाचा तो आक्रोश आहे. एका धर्मगुरूच्या तोंडी देवाचे नाव आधी यावे अशी आपली अपेक्षा असते. येथे माती येते. हा फरक किती खोल आहे, ते कळायला मला बरीच वर्षे लागली आणि काही जुनी पुस्तके वाचावी लागली.

त्यांपैकी पहिले पुस्तक म्हणजे एक शब्दकोश. येशूसंघीय फादर दिएगो गोन्सालेस होल्गिन यांनी 1608 मध्ये लिमा येथे केचुआ भाषेचा कोश छापला. त्याआधी, 1582–83 मध्ये भरलेल्या लिमाच्या तिसऱ्या धर्मपरिषदेने, संत तुरिबियस दे मोग्रोव्हेहो यांच्या अध्यक्षतेखाली, आदिवासींना त्यांच्याच भाषेत धर्मशिक्षण द्यावे असे ठरवले होते. 1584 मध्ये केचुआ आणि आयमारा भाषांतील धर्मशिक्षणाचे पुस्तक लिमात छापले गेले. दक्षिण अमेरिकेत छापलेले ते पहिलेच पुस्तक. आपल्या वाचकांना फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होईल. ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे छापले गेले, म्हणजे होल्गिनच्या कोशानंतर अवघ्या आठ वर्षांनी. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच संघाचे लोक एकाच वेळी परक्या भाषांत देवासाठी शब्द शोधत होते.

होल्गिनच्या कोशात ‘सोन्को’ हा शब्द पाहावा. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ हृदय. परंतु ते लिहून फादर थांबले नाहीत. हृदय, आतडी, पोट, सद्‌सद्विवेक, निर्णयबुद्धी, स्मृती, इच्छाशक्ती, आकलन, आणि शिवाय लाकडाचा गाभा, इतके अर्थ त्यांनी त्या एका शब्दापुढे मांडले आहेत. कोशकाराची दमछाक त्या नोंदीत दिसते. शेजारच्या आयमारा भाषेची गोष्ट आणखी मौजेची. फादर लुदोव्हिको बेर्तोनियो यांच्या 1612 सालच्या कोशात ‘चुय्मा’ या शब्दाचा मूळ अर्थ फुप्फुसे असा दिला आहे. मात्र हृदय, पोट आणि शरीराच्या आत जे जे म्हणून आहे त्या साऱ्याला तोच शब्द लावतात, असेही ते सांगतात. चार हजार मीटर उंचीवर राहणाऱ्या लोकांनी अंतःकरणाला श्वासाचे नाव द्यावे, यात मला तरी नवल वाटत नाही. पोतोसीला पाऊल ठेवलेल्या प्रवाशाला आपला जीव नेमका कोठे आहे ते पहिल्याच चढणीला कळते, असे माझा तो बोलिव्हियन सोबती म्हणे.

आपण मराठी माणसांनी यावर हसू नये. खाटकाकडे काळीज मागितले तर तो यकृत देतो, आणि आई मात्र आपल्या लेकराला काळजाचा तुकडा म्हणते. आपल्याला दया येते तेव्हा पोटात कालवते, क्षमा करताना आपण अपराध पोटात घालतो, वियोगात आतडे तुटते. हृदय हा शब्द आपण ग्रंथातून आणि भक्तिगीतांतून उचलला. रडताना तो कोणाच्या तोंडी येत नाही. जुन्या करारातील हिब्रू भाषाही याच जातीची आहे. तिच्यातले ‘लेव्ह’, म्हणजे हृदय, हे विचार करणारे, योजना आखणारे, आठवण ठेवणारे आहे. अनुवादाच्या पुस्तकात देवावर प्रीती करण्याची जी थोर आज्ञा आहे, तिच्यात हृदय, जीव आणि शक्ती अशी तीनच नावे येतात. तीच आज्ञा ग्रीक भाषेत मार्कच्या शुभवर्तमानात उतरली तेव्हा ‘मन’ किंवा ‘बुद्धी’ हे चौथे नाव त्या यादीत आले. ग्रीक ऐकणाराला हृदयात बुद्धीही असते हे वेगळे सांगणे भाग होते. केचुआ ऐकणाराला ‘सोन्को’ एवढेच सांगितले असते तरी भागले असते.

सेमिनरीत आम्हांला अंतःकरण राखण्याचे धडे मिळाले. ते धडे चांगले होते, मी त्यांची थट्टा करणार नाही. पण त्या धड्यांत हृदय एका बाजूला, बुद्धी दुसऱ्या बाजूला आणि सद्‌सद्विवेक या दोघांवर लक्ष ठेवणारा पहारेकरी, अशी मांडणी असे. ‘मांचाय पुइतू’ गाणाऱ्याला ही सोय उपलब्ध नाही. जे प्रेम करते तेच त्याला दोष देते, जे दोष देते तेच आठवण ठेवते, आणि हे सारे एकाच सोन्कोत चालते. गाण्यातले भय नरकाचे की तिच्याशिवाय जगण्याचे, हे म्हणूनच सांगता येत नाही. नावाच्या अर्थाविषयी विद्वानांचे एकमत होत नाही, त्याचेही मूळ मला येथे दिसते.

दुसरे पुस्तक वाचायला अधिक जड आहे. येशूसंघीय फादर पाब्लो होसे दे आरियागा यांनी 1621 मध्ये लिमात ‘पेरूतील मूर्तिपूजेचे निर्मूलन’ या विषयावर ग्रंथ छापला. अँडीजमधील लोक आपल्या पूर्वजांचे देह वाळवून, वस्त्रांत गुंडाळून डोंगरातल्या गुहांत बसवीत. त्या देहांना ‘मल्की’ म्हणत. सणाला त्यांना नवे कपडे घालीत, खाऊपिऊ घालीत, त्यांच्यापुढे नाचत. मिशनऱ्यांनी हे देह शोधून काढून जाळले आणि मृतांना चर्चच्या आवारात पुरण्याची सक्ती केली. त्यानंतर काय झाले ते आरियागा स्वतःच लिहितात. लोक रात्री चर्चमधली कबर उकरून आपला माणूस काढीत आणि गुहेत नेऊन बसवीत. असे का करता म्हणून विचारले, की उत्तर मिळे ‘कुयास्पा’, म्हणजे मायेपोटी. पुरलेली माणसे मातीखाली दडपून जातात, त्यांना त्रास होतो, गुहेत ती मोकळी असतात, असे त्यांचे म्हणणे. आरियागांनी हा शब्द नोंदवला तो अपराधाचा पुरावा म्हणून. पण नोंदवला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. केचुआत ‘कुयाय’ म्हणजे करुणेत भिजलेली माया, आपल्याकडे जीव लावणे म्हणतात तशी.

हे वाचल्यावर गीतातला पहिला प्रश्न मला नव्याने ऐकू आला. कोणत्या मातीने गिळले हा काव्यातला अलंकार नव्हे. ती माती आमचीच होती, आम्हीच आशीर्वादित केलेली. आणि कथेतल्या पाद्रीने रात्री काय केले? ज्या कृत्यासाठी त्याच्या धर्मग्रामातल्या लोकांना चाबकाचे फटके बसले असते, तेच कृत्य त्याने केले. त्याच्याच चर्चच्या आवारात, त्याच्याच हाताने. कथा रचणाऱ्या लोकांनी नायक म्हणून शिपाई, सावकार किंवा मेंढपाळ निवडला नाही, तो पाद्री निवडला, यामागे मला निव्वळ निंदा दिसत नाही. झग्याच्या आत फक्त लॅटिन आहे असे ज्याच्याविषयी वाटे, त्याच्या पोटातही शेवटी सोन्कोच निघाला, असे काहीतरी ते सांगत असावेत. पोतोसीच्या कथेतला आदिवासी धर्मगुरू याहून पुढे जातो. 1567–68 च्या लिमाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने आदिवासींना गुरुदीक्षा देण्यास मनाई केली होती आणि ती वाट राजाज्ञेने मोकळी व्हायला 1697 साल उजाडावे लागले. अशा समाजाने आपला एक मुलगा कल्पनेने का होईना वेदीपुढे उभा केला, आणि मग त्याला पूर्वजांच्या रीतीप्रमाणे कबरीपाशी परत आणला.

हाडांविषयी आपल्याला एवढे शहारण्याचे कारण नाही, हेही मला म्हणायचे आहे. योसेफाची हाडे मोशेने मिसर देशातून निघताना बरोबर घेतली. आपल्या वेदीत रक्तसाक्षींचे अवशेष ठेवण्याची परंपरा जुनी आहे आणि मिस्साच्या आरंभी धर्मगुरू त्या वेदीचे चुंबन घेतो. संत फ्रान्सिस झेविअर यांच्या उजव्या हाताचा भाग 1614 मध्ये गोव्याहून रोमला नेण्यात आला. तो आजही येशूसंघाच्या जेझू चर्चमध्ये आहे. 2024–25 च्या प्रदर्शनात संतांच्या पवित्र अवशेषांपुढे माथा टेकायला जुन्या गोव्यात जी रांग लागली, तिच्यात आपल्या धर्मग्रामांतून गेलेल्या बसगाड्याही होत्या. संतांचा हात रोमला गेला त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी आरियागांचा ग्रंथ छापला गेला. दोन्ही गोष्टी एकच आहेत असा माझा दावा नाही. संतांच्या अवशेषांना आपण वंदन करतो ते पुनरुत्थानाच्या आशेने. त्यांना नैवेद्य दाखवीत नाही, पाऊसपाणी मागण्यासाठी त्यांच्यापुढे मक्याची दारू ओतीत नाही. भेद आहे आणि तो लहान नाही. पण त्या भेदाच्या अलीकडे, जेथे माणूस आपल्या माणसाचे हाड हातात घेतो, तेथे कुयाय एकच आहे. ते ओळखायला आरियागांना वेळ मिळाला नाही. आज बोलिव्हियात मृतांच्या सणाला, 2 नोव्हेंबरला, घरोघर आणि कबरस्थानात मेजे मांडतात. त्यांवर मृतांच्या आवडीचे पदार्थ आणि बाळाच्या आकाराचे ‘तांता वावा’ नावाचे पाव ठेवतात. तेथे प्रार्थना ख्रिस्ती असतात आणि रीती जुन्या. ख्रिस्तसभा आता त्याकडे पाठ फिरवीत नाही.

बहिष्काराच्या धाकाविषयी मात्र मी मनाशी पुष्कळ वाद घातला आहे. गीत आशाहीन आहे हे खरे. त्यात पुनरुत्थान नाही, स्वर्गात भेट होण्याची भाषा नाही. धर्मगुरूने रचलेल्या गीतात ती नसावी हे खटकते. तरीही लाजरच्या कबरीपाशी प्रभूने प्रथम काय केले ते योहानाने लिहून ठेवले आहे. त्याने जागा विचारली, तो गेला आणि त्याने अश्रू गाळले. दगड सारण्याची आज्ञा नंतर आली. पुढच्या काही क्षणांत काय घडणार हे ठाऊक असूनही त्याने रडण्याची पायरी गाळली नाही. आम्ही पुष्कळदा ती गाळतो. अंत्यविधीच्या प्रवचनात मी स्वतः अनेक धर्मगुरूंना पहिल्याच वाक्यात स्वर्ग गाठताना ऐकले आहे. समोरच्या बाकावरच्या माणसाचे आतडे अजून तुटत असते, आणि त्याला आनंद मानायला सांगितले जाते. ‘मांचाय पुइतू’ त्या पायरीवरच बसून राहते. तेथून ते उठत नाही, हा त्याचा दोष असेल. पण ती पायरी आहे, एवढे ते ठणकावून सांगते. मातीच्या भांड्यांत ठेवलेल्या धनाची पौलाची उपमा धर्मगुरूंच्या दीक्षासमारंभांत नेहमी ऐकू येते. तेव्हा सर्वांचे लक्ष धनाकडे असते. भांडे मातीचे असले की त्याला नाद असतो, हे अँडीजच्या लोकांनी ऐकले होते.

आमच्या दफनभूमीत जागा थोडी आहे. काही वर्षांनी कबर पुन्हा उघडावी लागते आणि हाडे वेचून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवावी लागतात. हे काम सकाळी लवकर होते. घरची दोन-तीन माणसे येतात, बहुधा पुरुष, आणि त्यांना कामावर जायची घाई असते. काही वर्षांपूर्वी एक वृद्ध बाई एकटी आली. तिच्या नवऱ्याची कबर उघडायची होती. कबर खोदणारा एकेक हाड वर देत होता आणि ती ते पदराने पुसून कापडावर मांडत होती, निवडलेले तांदूळ सुपात ठेवावेत तशी. पायाची नळी हातात आली तेव्हा ती थांबली. हाडाच्या मधोमध एक जाड गाठ होती. “फादर, हे बघा,” ती म्हणाली, “होडीवरून पडले होते तेव्हा मोडला होता पाय. सहा महिने घरी होते. तेवढेच काय ते घरी राहिले.” मग ती त्या हाडाशी बोलू लागली. धाकटीचे लग्न ठरले, अंगणातली विहीर बुजवली, असे काहीबाही. मी पवित्र पाण्याचे भांडे घेऊन उभा होतो. पुस्तकातली प्रार्थना उघडलेली होती. खोदणारा माझ्याकडे पाहत होता. मी त्याला हाताने थांब म्हणून खूण केली.

तिचे सांगून झाल्यावर मी प्रार्थना म्हटली. बाकीची हाडे कोनाड्यात ठेवून झाली तरी ती नळी तिच्या हातातच होती. ती तिने सर्वांत शेवटी, स्वतःच्या हाताने, आत सारली.